विमानाचा फोटो काळा आला? सिल्हूट आणि चुकलेलं एक्सपोजर यातला फरक समजून घ्या

नोव्हेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या वायुसेना नगरात हवाई दलाचा एअर फेस्ट झाला. मी वर्ध्याहून सकाळीच निघालो होतो. सूर्यकिरण पथकाची लाल-पांढरी हॉक विमानं डोक्यावरून गेली आणि मी फोनवर धडाधड शंभरेक फोटो काढले. रात्री घरी येऊन बघतो तर सगळी विमानं काळी! त्यातला एक फोटो मी 'सिल्हूट' असं लिहून स्टेटसला टाकला. दहा मिनिटांत मित्राचा मेसेज आला, "काबे, हे विमानं हायेत का कावळे?"

राग आला, पण त्याचं बरोबर होतं. जे दाखवायला फोटो काढला होता, तो लाल-पांढरा रंगच त्यात नव्हता. असा शो आपल्या भागात रोज होत नाही. तुमची अशी संधी वाया जाऊ नये म्हणून हा लेख.

फोन विमान काळं का करतो?

कॅमेऱ्याचा मूळ हिशेब साधा आहे: फ्रेममधला सरासरी उजेड मध्यम राखाडीच्या आसपास आणायचा. विमानाच्या फोटोत ९० टक्क्यांहून जास्त जागा आकाशाची असते आणि आकाश असतं चकचकीत. फोनला वाटतं उजेड जास्त झाला, म्हणून तो सगळाच फोटो गडद करतो. त्यात सूर्य विमानाच्या मागे असेल, तर आपल्याकडची बाजू सावलीत असते. ती पार काळी होते. या मागून येणाऱ्या उजेडालाच बॅकलाइट म्हणतात.

तीन वेगळ्या गोष्टी, एकच काळा रंग

१. सिल्हूट, म्हणजे छायाकृती: विमान काळं, पण कडा धारदार. पंख, शेपटी, इंजिन वेगवेगळं ओळखू येतं. मागचं आकाश रंगीत आणि व्यवस्थित उजळलेलं असतं.

२. फसलेला बॅकलाइट: विमान धड काळं नाही, धड दिसतही नाही. कंपनीचं नाव अर्धवट वाचता येतं, आकाश पांढरंफटक असतं.

३. अंडरएक्सपोजर, म्हणजे कमी उजेडाचा फोटो: विमानासोबत आकाशही मळकट. सूर्य तुमच्या पाठीमागे असला तरी हे होऊ शकतं.

माझा एअर फेस्टचा फोटो तिसऱ्या प्रकारचा होता. भर दिवसा काढलेला, पण आकाश राखाडी.

ओळखायची सोपी परीक्षा

स्वतःला तीन प्रश्न विचारा. फक्त आकार बघून विमान ओळखता येतं का? आकाशात बघण्यासारखं काही आहे का? आणि रंग गेल्याने फोटोचं नुकसान झालं का? पहिल्या दोन्हींचं उत्तर 'हो' आणि शेवटच्याचं 'नाही' असेल, तर तो सिल्हूट.

नुसत्या आकारात किती माहिती असते, याचं उदाहरण दुसऱ्या महायुद्धात सापडतं. आपलं विमान कोणतं आणि शत्रूचं कोणतं, हे सैनिकांना काळ्या छायाकृतींच्या तक्त्यांवरून शिकवत असत. दूरच्या विमानाचा रंग दिसत नाही, आकार दिसतो.

जेटफोटोजसारख्या साइटवर फोटो छापण्याआधी तपासले जातात. तिथे फसलेला बॅकलाइट हे फोटो नाकारण्याचं एक कारण आहे. मुद्दाम केलेला, नीट जमलेला सिल्हूट मात्र चालतो.

फोनवर काय करायचं?

विमानाचा रंग हवा असेल तर:
• सूर्य आपल्या पाठीमागे येईल अशी जागा आधीच निवडा. हा उपाय बाकी सगळ्या सेटिंगपेक्षा मोठा.
• विमान यायच्या आधी आकाशावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजर लॉक होईल. मग सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी वर सरकवून +०.७ ते +१ करा. +१ म्हणजे दुप्पट उजेड.
• प्रो मोड असेल तर जेटसाठी शटर १/१००० ठेवा. पंख्याचं विमान किंवा हेलिकॉप्टर असेल तर १/२५० च्या आसपास, नाहीतर पाती थांबल्यासारखी दिसतात.

सिल्हूट हवा असेल तर:
• सूर्याच्या बाजूच्या उजळ आकाशावर टॅप करून −१ करा.
• बंद करता येत असेल तर एचडीआर बंद ठेवा. तो अनेक फ्रेम जोडून सावल्या उजळतो, त्यामुळे काळा आकार राखाडी होतो.
• विमान वळताना किंवा बाजूने दिसताना क्लिक करा. थेट समोरून आलं तर नुसता ठिपका आणि दोन रेघा.

सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका. झूम लेन्सही सूर्यावर फार वेळ रोखून ठेवू नका.

वर्ध्यातून काय मिळेल?

आपल्या जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. आपल्या डोक्यावरून जाणारी बरीच विमानं १० किलोमीटरहून जास्त उंचीवर असतात. ए३२० ची लांबी साडेसदतीस मीटर. एवढ्या अंतरावरून फोनच्या १२ मेगापिक्सेलच्या मुख्य कॅमेऱ्यात ते जेमतेम डझनभर पिक्सेलचं दिसतं. त्याचा सिल्हूट काढायला जाल तर हाती ठिपका येईल.

आणखी एक गंमत आहे. इतक्या उंचीवर सूर्य उशिरा मावळतो. आपल्याकडे सूर्यास्त झाल्यावरही दहा मिनिटांहून जास्त वेळ ते विमान उन्हात असतं, म्हणून संध्याकाळी ते काळं नाही, तर चमकताना दिसतं. मागे धुराची रेघ असेल तर तीही सोनेरी होते.

मग मी काय केलं? पवनारला धाम नदीच्या काठी उभा राहिलो आणि काळं होण्याचं काम विमानाऐवजी झाडाला दिलं. खाली झाडाची छायाकृती, वर सोनेरी रेघ. एक्सपोजर आकाशावर, −०.७. त्याच मित्राला पाठवला. या वेळी त्याने कावळ्यांचं नाव काढलं नाही, फक्त विचारलं, "कुठून काढला बे?"

जाता जाता महत्त्वाचं: पुलगावचं दारूगोळा भांडार किंवा लष्कराच्या कोणत्याही जागेजवळ कॅमेरा काढू नका. एअर शोमध्येही परवानगी असेल तिथूनच फोटो घ्या.

एडिटिंगने वाचेल का?

थोडंफार. शॅडो वाढवल्यावर रंग परत येतो, पण सोबत दाणेही येतात. रॉ फाइल असेल तर जास्त वाव मिळतो. माझ्या एअर फेस्टच्या फोटोत शॅडो पूर्ण वाढवल्यावर लाल रंग जरासा दिसला, तोही तपकिरी. तो फोटो मी अजून ठेवलाय. स्टेटसवरचं 'सिल्हूट' मात्र त्याच रात्री काढून टाकलं.