नावावरून मूळ सापडतं का? पितळखोऱ्यापासून खडकीपर्यंत

परवा एका ओळखीच्या गृहस्थांनी व्हॉट्सॲपवर एक यादी पाठवली. डावीकडे आडनाव, उजवीकडे ‘मूळ’. अमके उत्तरेतून आले, तमके दक्षिणेतून, हे बाहेरचे, हे इथलेच. खाली हुकूम: ‘पेपरला छापा, लोकांना कळू द्या.’

छापली नाही. त्याच आठवड्यात नोकरीसाठी शहरात आलेल्या एका पोरासाठी खोली शोधत मी चार घरं फिरलो होतो. चारही ठिकाणी भाडं सांगण्याआधी ‘पूर्ण नाव काय?’ पहिल्या नावावर भागेना, आडनावच पाहिजे. असल्या याद्या अशाच दारांत कामाला येतात. म्हणून आज जरा लांब लिहितोय, सवडीने वाचा.

आपल्या जिल्ह्यात दोन हजार वर्षांपूर्वीच्या साध्या माणसांची नावं आजही दगडावर वाचता येतात. कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याला जा. खांब दान देणाऱ्यांत पैठणचा मितदेव आहे, अत्तर-सुगंधाचा व्यापार करणाऱ्या गंधिकांच्या घरातला. राजवैद्य मगिल आहे. तिथे सापडलेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय: कान्हदास, धंदा सोनारकीचा. नाव कान्हाच्या दासाचं आणि काम बौद्ध लेण्याचं! यादीवाल्यांनी याला कुठल्या रकान्यात टाकलं असतं?

वैद्य मगिल स्वतःला ‘वाछीपुत’ म्हणवतो, म्हणजे वात्सीचा मुलगा. ओळख आईच्या गोत्रावरून. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही तर पैठणच्या राजांची नावं, शाळेत पाठ केलेली. यावरून ‘सातवाहनांत मातृसत्ता होती’ असं पुष्कळजण ठोकून देतात. पण गादी बहुतेक बापाकडून मुलाकडेच गेलेली दिसते. एकाच घरात इतके सातकर्णी झाले की कुठला कोण हे सांगायला आईचं नाव सोयीचं होतं, हे कारण मला जास्त पटतं. आणि वैद्यही तसंच नाव लावत होता, म्हणजे ही रीत फक्त राजवाड्यातली नव्हती.

हे सातवाहन मूळचे कुठले, यावर मात्र विद्वान शंभर वर्षं भांडतायत. पुराणं त्यांना ‘आंध्र’ म्हणतात, म्हणून तेलुगू लोक त्यांच्यावर हक्क सांगतात. त्यांचे सगळ्यात जुने लेख नाशिकला आणि नाणेघाटात, म्हणून आपण सांगतो. एका फ्रेंच पंडिताने तर ‘सातवाहन’ शब्दाची फोड मुंडा भाषेतल्या घोडा आणि मुलगा या शब्दांवरून केली. एका नावाचे तीन मुलूख झाले. गंमत म्हणजे खुद्द राजांना याची काही अडचण नव्हती. त्यांच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत आहे आणि दुसऱ्या बाजूला द्राविडी वळणाची भाषा. एकीकडे ‘पुत’, दुसरीकडे ‘मकन’. तमिळमध्ये आजही मुलाला मगन म्हणतात, कानडीत मग. टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराने तर पैठणच्या या ‘सिरि पुळुमावी’चं ‘सिरो टोलेमायोस’ करून टाकलं, जणू त्याच्याच गावचा कुणी.

आता दुसरी बाजू बघा. गौतमीपुत्राने ज्याला हरवलं तो शक क्षत्रप नहपान. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला त्याची १३ हजारांहून जास्त नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला. नहपान हे नाव ऐकताच परकं वाटतं, आणि आहेच, इराणी वळणाचं. पण त्याच्या मुलीचं नाव दक्षमित्रा. जावयाचं उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, आणि जावयाच्या बापाचं दिनीक. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने गायी दान दिल्याचा, ब्राह्मणांना जेवण घातल्याचा हिशेबच कोरून ठेवलाय. एका पिढीत नावं बदलली. माळव्या-गुजरातेतल्या दुसऱ्या शक घराण्याची वंशावळ तर तोंडाने म्हणून बघा: य्समोतिक, चष्टन, जयदामन, रुद्रदामन. पहिलं नाव उच्चारताना जीभ अडखळते. चौथं उद्या एखाद्याने बाळाला ठेवलं तर बारशाला कुणी दचकणार नाही.

कार्ल्याच्या चैत्यात खांब दिलेले यवन आहेत. नावं ‘सिहधय’ म्हणजे सिंहध्वज, आणि ‘धम’. शेजारी ‘यवन’ हा शब्द कोरलेला नसता तर आज त्यांना यादीत बेधडक ‘इथलेच’ म्हटलं असतं.

गौतमीपुत्राच्या आईने, बलश्रीने, नाशिकच्या लेण्यात कोरून घेतलंय की मुलाने शक-यवन-पल्हवांचा निःपात केला आणि चार वर्णांची सरमिसळ थांबवली. त्याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी मात्र शक महाक्षत्रपाची मुलगी, असं कान्हेरीचा लेख सांगतो. आजेसासूबाईंना कळलं असतं तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे.

शेवटी आपल्या शहराकडे येतो. खडकी गाव १६१० मध्ये वसवणारा मलिक अंबर. आईबापाने इथिओपियात ठेवलेलं नाव चापू. बगदादमध्ये विकला गेला आणि मालकाने नाव दिलं अंबर. अंबर हे सुगंधी द्रव्य. गुलामांना अशीच नावं मिळत: काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक. देवगिरीवर चाल करून आलेला मलिक काफूर आठवा. ही नावं मुलूख सांगत नाहीत. एवढंच सांगतात की हा माणूस कधीतरी बाजारात माल म्हणून उभा होता. त्याच अंबरने निजामशाही तोलून धरली, जमिनीची मोजणी करून सारा बसवला, शहराला नहर दिली. मुलाचं नाव फत्तेखान, त्याने गावाला फत्तेनगर केलं. गावाची नावं पुढे किती बदलली ते तुम्हाला माहीत आहे, त्या वादात आज शिरत नाही.

माझ्या आजोबांचं नाव कचरू. आधीची दोन मुलं गेली, म्हणून हे वाचावं यासाठी ठेवलेलं. आपल्याकडे गावोगाव दगडू, धोंडू, कचरू याच कारणाने झाले. यावरून कुणी आमचं मूळ शोधायला निघालं तर थेट उकिरड्यावर पोचेल! त्या नावात खरं तर एका बाईची भीती आहे, पण ती कुठल्या यादीत येत नाही.

त्या पोराला पाचव्या घरी खोली मिळाली. मालकीणबाईंनी एवढंच विचारलं, ‘रात्री किती वाजेपर्यंत येशील रे?’

यादी पाठवणाऱ्यांना मी उलट विचारलंय, तुमच्या पणजीचं माहेरचं नाव काय? दोन दिवस झाले, निळ्या टिका दिसतात, उत्तर नाही. तुम्हाला माहीत असेल तर कमेंटमध्ये लिहा. पणजोबा-पणजीचं फक्त पहिलं नाव आणि ते का ठेवलं ते. आडनाव नको.