नौका तरंगते आहे तोवर

रेडिओवर बोलतो आहे, तेव्हा रेडिओवरच्याच एका सूचनेपासून सुरुवात करतो. तारीख १३ ऑगस्ट १९७९. दोन दिवसांपूर्वी इंग्लंडच्या दक्षिणेकडील काउज येथून ३०३ शिडाच्या नौका शर्यतीला निघाल्या होत्या. आयर्लंडच्या नैर्ऋत्येला फास्टनेट नावाचा खडक आहे. त्यावरील दीपगृहाला वळसा घालून प्लिमथला यायचे. अंतर सुमारे सहाशे सागरी मैल. त्या दुपारी बीबीसीच्या सागरी हवामानवृत्तात जोराच्या वाऱ्याचा अंदाज होता, वादळाचा नव्हता. वादळाचे इशारे मागाहून आले. तोवर बऱ्याच नौका उघड्या समुद्रात होत्या.

रात्री वारा ताशी नव्वद किलोमीटरच्या पुढे गेला. लाटांनी नौका आडव्या केल्या, काही पुऱ्या उलटल्या. पंधरा स्पर्धकांचा मृत्यू झाला. शर्यत पुरी केली ती ८५ नौकांनी.

पुढे झालेल्या चौकशीचा अहवाल वाचताना मी एका आकड्याशी थबकलो. खलाशांनी २४ नौका सोडून दिल्या होत्या. त्यांतल्या बुडाल्या फक्त पाच! उरलेल्या १९ नंतर तरंगताना सापडल्या. सात जणांचे मृत्यू जीवरक्षक तराफ्यांशी संबंधित घटनांत झाले आणि त्यांनी सोडलेल्या नौका मात्र ओढून बंदरात आणता आल्या. त्यांना दोष कोण देणार? काळोखात, गुडघाभर पाण्यात आपण तरी काय केले असते? पण धडा मिळाला : नौका खरोखर बुडू लागल्याखेरीज ती सोडू नये.

असे निर्णय वादळात सुचत नाहीत. ते किनाऱ्यावरच करून ठेवावे लागतात. सागरी सुरक्षेच्या 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारातील नवे नियम १ जुलै २००२ पासून लागू झाले. ब्रिटनमध्ये तेव्हापासून हौसेने नौका हाकणाऱ्यालाही समुद्रात निघण्यापूर्वी प्रवासाची आखणी करणे बंधनकारक आहे. हवामान आणि भरती-ओहोटी पाहायची. वाटेतले खडक, उथळ जागा नकाशावर हेरायच्या. आपली नौका आणि सोबतची माणसे किती सोसतील, हे प्रामाणिकपणे ठरवायचे. बेत फसलाच, तर कोणत्या बंदरात शिरायचे आणि तिथे रात्री शिरता येईल का, हेही आधीच पाहायचे.

आणि शेवटी, कुठे जातो, कधी परतू, हे किनाऱ्यावरच्या कोणाला तरी सांगून निघायचे. घरातून बाहेर पडताना आपण सांगतो, तसेच. परतायला उशीर झाला, तर निदान शोध कुठे घ्यायचा हे त्याला ठाऊक असते.