छावणीचे गाव झाले

कल्याण म्हटले की आपल्याला जुने बंदर आठवते, नाहीतर शिवकाल आठवतो. पण या गावाच्या दाराशीच आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांदेखत एक इतिहास घडला, त्याची आठवण मात्र क्वचितच निघते.

१९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून पडले. पूर्व किनाऱ्याला जपानचा धोका निर्माण झाला आणि मुंबई बंदराचे मोल वाढले. तेथे उतरणाऱ्या पलटणी ठेवायच्या कोठे? मुंबईपासून ३३ मैलांवरचे कल्याण त्यासाठी सोयीचे होते. कारण एक लोहमार्ग येथूनच कसाऱ्याच्या घाटाने नाशिककडे जातो आणि दुसरा बोरघाटाने पुण्याकडे. मग उल्हास नदीच्या बाजूच्या माळावर बराकींच्या रांगा उठल्या. पलीकडे नेवाळीला शेतकऱ्यांची शेते घेऊन विमानांसाठी धावपट्टी झाली.

शिपाई आज आला, उद्या गेला. त्याला लांबलचक दालन पुरे. त्यात चूल नको, न्हाणी नको, आडोसा नको. १९४५ साली युद्ध संपले आणि बराकी ओस पडल्या.

तोच फाळणी झाली. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि सिंधी हिंदूंचे तांडेच्या तांडे बोटींनी मुंबईस येऊ लागले. सरकारने त्यांना कल्याणच्या छावणीत धाडले. पाहता पाहता तेथे लाखभर माणसे झाली. जेथे पलटणी झोपत, तेथे गोणपाटाचे नि लुगड्यांचे पडदे लावून कुटुंबे राहू लागली. कालपर्यंत पेढीवर बसणारा गृहस्थ शिध्याच्या रांगेत उभा राहिला. पण तो तेथेच उभा राहिला नाही. बायकांनी पापड लाटले, पोरांनी आगगाडीत गोळ्या-बिस्किटे विकली, बराकीच्या तोंडाशी दुकाने निघाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी नगराची कोनशिला बसवली आणि नदीवरून त्याला नाव मिळाले, उल्हासनगर! ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘पाच’ ही लष्करी नावे मात्र लोकांच्या जिभेवर राहिली ती राहिलीच.

निर्वासितांना छप्पर मिळाले, हे त्या युद्धछावणीचे अनपेक्षित पुण्य. परंतु ज्यांची शेते नेवाळीत गेली, त्यांचे काय? २०१७ च्या जूनमध्ये त्या जमिनींसाठी तेथील शेतकरी रस्त्यावर उतरले, जाळपोळ झाली, गोळीबारही झाला. जपानी विमाने ठाण्या-कल्याणवर कधी आलीच नाहीत; त्यांच्या धास्तीने मारलेल्या खुणा मात्र पाऊणशे वर्षांनीही भूमीवर होत्या. उल्हासनगरच्या बाजारात दिवाळीची खरेदी करताना ही दोन्ही घरे आठवावीत: एक सिंधेत सुटलेले, आणि दुसरे ज्याचे शेत येथेच, डोळ्यांसमोर परके झाले ते.