शर्यतीची सायकल आणि रोजची वाट

दुचाकीचा इतिहास सांगताना बहुधा शर्यतींचा आणि विक्रमांचाच इतिहास सांगितला जातो. कोणी किती मैल किती वेळात कापले ह्याची नोंद वृत्तपत्रांतून राहते. कोणी तीस वर्षे तिच्यावरून कचेरीत गेला ह्याची राहत नाही. ह्या एकांगीपणाचा परिणाम ग्रंथांपुरता मर्यादित असता, तर त्याची दखल घेण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु हल्ली आमच्या शहरांतील पुष्कळ तरुण, आणि तारुण्य मागे टाकलेली काही मंडळीही, कामावर जाण्यासाठी आयुष्यातील पहिली 'रोड बाइक' विकत घेतात. आणि दुकानात टांगलेली, वाकड्या हँडलची, अरुंद टायरांची शर्यतीची सायकल पाहून भुलतात. पावसाळा आला की तीच सायकल भिंतीला टेकून राहते. म्हणून आज आपल्यापुढे असलेले सायकलीचे रूप कोणाच्या गरजेतून घडले, ह्याचा थोडा शोध घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल ड्राइस ह्याने दोन चाकांचे लाकडी यंत्र चालवून दाखविले. त्यास पायडल नव्हते. स्वार जमिनीला पाय रेटीत पुढे जाई. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. ते थेट चाकालाच जोडलेले असल्यामुळे एका फेऱ्यात अधिक अंतर तोडायचे, तर चाकच मोठे करावे लागे. वेगाच्या हव्यासाने ते वाढत वाढत माणसाच्या छातीपर्यंत आले. खड्डा लागला की स्वार हँडलावरून पुढे फेकला जाई. ही उंच सायकल धाडसी तरुणांची होती; पोक्त माणूस, स्त्रिया, कामकरी ह्यांना तिच्यावर जागा नव्हती. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली ह्याने आपली 'रोव्हर' पुढे आणली. तिची चाके जवळजवळ सारख्या उंचीची होती आणि पायडलाचे बळ चेनने मागच्या चाकाला मिळत होते. ह्या जातीच्या सायकलीस नावच पडले 'सेफ्टी', म्हणजे सुरक्षित. जी भित्र्यांची सोय म्हणून हिणविली गेली, तिचीच वंशज आज जगातील जवळजवळ प्रत्येक सायकल आहे.

हवेच्या टायरची कथा ह्याहून बोलकी आहे. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्ट येथील पशुवैद्य. आपल्या मुलाच्या तीनचाकीला रस्त्यावर बसणारे हादरे कमी व्हावेत, एवढाच त्याचा हेतु होता. १८८८ साली त्याने पेटंट मिळविले, आणि पुढल्याच वर्षी त्याचे टायर लावून विली ह्यूम ह्या स्वाराने बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या. जे मुलाच्या सुखासाठी केले, ते वेगालाही उपकारक ठरले. कायद्याच्या अभ्यासकाला ह्यापुढचा भाग विशेष रोचक वाटेल. रॉबर्ट विल्यम थॉमसन ह्या दुसऱ्या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ सालीच हवेच्या टायरचे पेटंट घेतले होते, हे उघडकीस आले आणि १८९० साली डनलॉपचे पेटंट निरर्थक ठरले. कंपनी तगली ती इतरांच्या पेटंटांवर. त्यांपैकी वेल्च ह्याच्या पेटंटाने टायरच्या कडेत तार घातली आणि टायर रिमवरून काढता-घालता येऊ लागला. पंक्चर झाल्यावर अर्ध्या तासात कचेरी गाठणाऱ्या प्रत्येकाने ह्या तारेचे ऋण मानावे.

गिअरांची हकीकतही अशीच आहे. फ्रान्समधील सेंतेत्येन येथील पॉल द व्हीव्ही हा दूरच्या प्रवासाचा भोक्ता; चढावाच्या वाटेवर बदलते गिअर हवेत, असे तो वर्षानुवर्षे सांगत आला. इंग्लंडात नॉटिंगहॅमहून स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरांचा हब विसाव्या शतकाच्या आरंभीच निघाला होता आणि साधे लोक तो वापरीत होते. परंतु १९०३ साली 'तूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू करणारा आंरी देग्रांज ह्याला गिअर म्हणजे दुबळेपणा वाटे. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेस त्या शर्यतीत १९३७ पर्यंत मज्जाव होता. तोवर स्वार चढाच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक काढीत आणि उलटे बसवीत.

आमच्या भागाचाही ह्या इतिहासाशी संबंध आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधु रामूअण्णा ह्यांच्या उद्योगाचा आरंभ बेळगावात सायकलींच्या दुकानाने झाला. त्या उद्योगसमूहाचे स्थापनावर्ष १८८८ मानले जाते. नांगराचा कारखाना आणि १९१० ची किर्लोस्करवाडी ही त्यानंतरची. पुढे स्वातंत्र्यानंतर देशात सायकलींचे मोठे कारखाने उभे राहिले आणि कारकून, शिक्षक, गिरणीकामगार, दूधवाला ह्या सर्वांची सायकल एकच झाली: काळी, जड, २८ इंची चाकांची, दांड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकांची. तिला मडगार्ड होते, कॅरियर होते, स्टँड होता, चेनवर झाकण होते. रात्री दिवा नसला तर पोलीस अडवी, म्हणून दिवाही असे. तिला कोणी देखणी म्हटले नाही. पण तिच्यावरचा प्रत्येक भाग रोजच्या वाटेने मागून घेतलेला होता.

प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकल्याशिवाय निकाल देणे बरे नव्हे. हलकेपणा ही शर्यतीची खरी देणगी आहे. जुनी सायकल वीस किलोंच्या घरात जाई. आजची रोड बाइक त्याच्या निम्म्याने भरते, आणि पुलाच्या चढावर किंवा जिना चढून ती घरात नेताना हा फरक जाणवतो. परंतु शर्यतवाले तरी आज कोठे उभे आहेत? वीस-तेवीस मिलिमीटरचे टायर टाकून ते अठ्ठावीस आणि त्याहून रुंद टायरांकडे वळले आहेत. आणि रिम ओली झाली तरी पकड न सोडणारे डिस्क ब्रेक त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ साली रीतसर मान्य केले. म्हणजे पुन्हा एकदा रोजच्या रस्त्याचे शहाणपण शर्यतीने उशिरा पत्करले.

ह्या इतिहासावरून पहिली सायकल घेणाऱ्याने काय घ्यावे? आमच्या मते पुराव्याचा भार त्याने विक्रेत्यावर टाकावा. फ्रेममध्ये निदान बत्तीस मिलिमीटरचा टायर मडगार्डासह मावतो काय? मडगार्ड आणि कॅरियर बसविण्यास फ्रेमवर भोके आहेत काय? पणजीत काय किंवा बेळगावात काय, जूनपासून चार महिने ज्याला ओल्या रस्त्याने जायचे आहे, त्याच्या दृष्टीने हे प्रश्न रंगाच्या आधीचे आहेत. सर्वांत लहान गिअर आपल्या वाटेवरील सर्वांत उभ्या चढाला पुरतो काय, हे तो चढ चढूनच ठरवावे. फ्रेमचे माप आपल्या उंचीचे असावे. सवलतीत मिळते म्हणून घेतलेले चुकीचे माप पुढे मान आणि पाठ ह्यांच्याकडून वसूल होते. टायर, ट्यूब, ब्रेकचे पॅड गावातील दुकानात मिळतात काय, हेही विचारावे. दिवा आणि कुलूप ह्यांचे पैसे आधीच बाजूस काढावेत.

ह्यांतील बहुतेक प्रश्नांना होकार मिळाला, तर हँडल वाकडे असो वा सरळ, ती सायकल घेण्यास हरकत नाही. नकार मिळाला, तर ती कितीही हलकी आणि नामांकित असली तरी दुकानातच राहू द्यावी. कारण पहिल्या सायकलीने ज्याचा विरस होतो तो सहसा दुसरी घेत नाही. आणि आमच्या गजबजलेल्या रस्त्यांना असा एकेक स्वार गमावणे परवडणारे नाही.