स्वमग्न मुलांसाठी वर्धा जिल्ह्यात आधार कोठे मिळतो?

वर्धा, प्रतिनिधी

मूल दोन वर्षांचे होते. चालते, धावते, जेवते-खाते, पण नाव घेऊन हाक मारली तर वळून पाहत नाही. हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही. आईचे मनगट धरून तिला त्या वस्तूपर्यंत ओढत नेते. खेळण्यातली मोटार चालवीत नाही, उलटी करून तासन्‌तास तिचे चाक फिरवीत बसते. घरातील वडीलधारी मंडळी धीर देतात, ‘याचा बापही उशिराच बोलला होता.’ हा धीर मायेपोटी दिलेला असतो. मात्र त्यात वर्ष-दीड वर्ष निघून जाते, आणि याच काळात मिळालेल्या मदतीचा मुलाला सर्वाधिक उपयोग होत असतो.

ही लक्षणे स्वमग्नतेची, म्हणजेच ऑटिझमची असू शकतात. अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन केले. स्वमग्नता हा संसर्गाने होणारा रोग नव्हे. मेंदूची वाढ वेगळ्या पद्धतीने झाल्यामुळे संवाद, इतरांशी नाते जोडणे आणि इंद्रियांकडून येणाऱ्या संवेदनांचा अर्थ लावणे या बाबतीत आयुष्यभर राहणारे ते वेगळेपण आहे. काही मुले अजिबात बोलत नाहीत, तर काही रेल्वेचे संपूर्ण वेळापत्रक मुखोद्गत सांगतात, पण ‘तुला भूक लागली का?’ या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाहीत. म्हणूनच आता तिला ‘वर्णपटा’ची उपमा दिली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. २०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या तेरा लाखांच्या घरात आहे. जगाचे प्रमाण येथे जसेच्या तसे लावता येणार नाही, तथापि ढोबळ हिशेब केला तरी लहानथोर मिळून दहा हजारांच्या आसपास व्यक्तींचा हा प्रश्न आहे.

दोष आईचा नाही

निदानानंतर घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘हे कशामुळे झाले?’ आणि बहुधा तो आईलाच विचारला जातो. गरोदरपणात काय खाल्ले, ग्रहण पाळले की नाही, मुलाला वेळ दिला की नाही. पाश्चात्त्य वैद्यकही एके काळी याच चुकीत अडकले होते; मायेचा ओलावा नसलेल्या आयांमुळे मुले स्वमग्न होतात, असे तेथे अनेक वर्षे मानले जात असे. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये या समजाला जोरदार आव्हान दिले आणि पुढे तो पूर्णतः मोडीत निघाला. अनुवंश हे आज ज्ञात असलेल्या कारणांपैकी सर्वांत प्रबळ कारण आहे. गोवर, गालगुंड व रुबेलाच्या लसीशी स्वमग्नतेचा संबंध जोडणारा १९९८ चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, त्यामुळे लसीकरण थांबविण्याचे काहीही कारण नाही. मोबाइलमुळे स्वमग्नता होते, हेही सिद्ध झालेले नाही. मात्र मोबाइलमध्ये जाणारा वेळ बोलण्या-खेळण्यातून वजा होतो, हे खरे.

घरात वऱ्हाडी, शेजारात हिंदी आणि शाळेत प्रमाण मराठी यामुळे मूल गोंधळले, असाही एक समज आहे. एकाहून अधिक भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलाचे नुकसान होते, असे संशोधनात दिसून आलेले नाही. आजीने आपल्या भाषेतच बोलावे.

सुरुवात अंगणवाडीपासून

नऊ-दहा महिन्यांपर्यंत नावाला प्रतिसाद नसणे, दीड वर्षापर्यंत बोटाने वस्तू न दाखविणे, सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडून न बोलणे आणि कोणत्याही वयात, आलेले शब्द किंवा कौशल्य नाहीसे होणे, या पाच खुणा लक्षात ठेवाव्यात. यांपैकी एखादी दिसली म्हणजे मूल स्वमग्न आहेच असे नाही. ऐकू कमी येत असले तरीही मूल हाकेला ओ देत नाही, म्हणून पहिली तपासणी कानाची करून घ्यावी.

आष्टी वा कारंजा तालुक्यातील कुटुंबाला ‘वर्ध्याला दाखवा’ हे सांगणे सोपे असते. आई-वडील दोघेही कापसाच्या किंवा सोयाबीनच्या शेतात मजुरीला जात असतील, तर प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी आणि वर एसटीचे भाडे. म्हणून सुरुवात गावातच करणे हिताचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशपातळीवरील शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्याअंतर्गत फिरते वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळेत एकदा तपासणी करते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात आणि तपासावयाच्या बाबींत स्वमग्नतेचाही समावेश आहे. पथक येण्याचा दिवस अंगणवाडी सेविकेकडून विचारून घ्यावा आणि त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. अनेक पालक ‘तिथे रडेल, लोक पाहतील’ म्हणून नेमके त्याच दिवशी त्याला घरी ठेवतात. दिव्यांग बालकांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. त्यानुसार अशी बालके ओळखणे, त्यांना अंगणवाडीत सामावून घेणे आणि पुढे पाठविणे हे सेविकेच्या कामाचाच भाग आहे. पथकाने संदर्भित केलेल्या मुलांची पुढील तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रामार्फत विनामूल्य व्हावी, अशी योजनेची रचना आहे.

दोन वैद्यकीय महाविद्यालये असणे ही वर्धा जिल्ह्याची मोठी जमेची बाजू होय. विदर्भातील अनेक जिल्ह्यांना ती लाभलेली नाही. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ मध्ये सुरू झाली आणि कस्तुरबा रुग्णालय हे तिचे रुग्णालय आहे. सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. दोन्ही ठिकाणी बालरोग आणि मानसोपचार हे विभाग आहेत. स्वमग्नतेचे निदान रक्ततपासणीने किंवा मेंदूच्या स्कॅनने होत नाही. मुलाचे निरीक्षण आणि पालकांशी सविस्तर बोलणे हाच त्याचा मार्ग आहे. म्हणून जाण्यापूर्वी मुलाच्या वागण्याच्या चार-पाच छोट्या चित्रफिती मोबाइलवर काढून न्याव्यात. दवाखान्यात मूल बिथरते किंवा नेमके शहाण्यासारखे वागते, आणि अर्धी माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही.

नागपूरला जाणे शक्य असल्यास तेथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (एम्स) आणि दिव्यांगांसाठीचे केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे. परंतु दर आठवड्याला नागपूरची फेरी करणारे कुटुंब काही महिन्यांत थकते, हे ध्यानात घेऊन योजना आखावी. तज्ज्ञांकडून महिन्यातून एकदा घरी करावयाचे उपक्रम शिकून घेणे आणि ते रोज करणे, हे अनेकांना अधिक पेलते.

प्रमाणपत्राचा प्रवास

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेखच नव्हता. त्यामुळे अनेक मुलांच्या कागदांवर ‘मतिमंद’ असा शिक्का बसला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिला स्पष्ट स्थान मिळाले. या कायद्याची अंमलबजावणी १९ एप्रिल २०१७ पासून सुरू झाली.

प्रमाणपत्रासाठी केंद्राच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. त्यातूनच प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड मिळते. मूल्यमापनासाठी ‘इसा’ ही भारतीय मापनश्रेणी वापरली जाते. तीत ४० बाबी असून प्रत्येकीला एक ते पाच गुण दिले जातात. ७० पेक्षा कमी गुण आल्यास स्वमग्नता नाही असे धरतात. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक असते. येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मंडळासमोर मुलाची बाजू चांगली दिसावी म्हणून पालक त्याच्या अडचणी लपवितात. हे परीक्षेचे गुण नव्हेत. जे मूल करू शकत नाही, ते मोकळेपणाने सांगावे.

प्रमाणपत्र येईपर्यंत उपचार किंवा शाळाप्रवेश थांबवून ठेवण्याची गरज नाही. दोन्ही गोष्टी समांतर चालू शकतात, किंबहुना चालल्याच पाहिजेत.

शाळा आणि गुरुजी

लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे. ‘आमच्याकडे असे शिक्षक नाहीत’ हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्राशी जोडलेले असतात. मुख्याध्यापकांनी तेथे लेखी मागणी करावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील निकालानंतर केंद्राने २०२२ मध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचे प्रमाण ठरविले: पहिली ते पाचवीत दहा विद्यार्थ्यांमागे आणि सहावी ते आठवीत पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक. कागदावरील हे प्रमाण आणि गावातील वर्ग यांत मोठे अंतर आहे, हे कोणत्याही पालकाला ठाऊक आहे. त्यामुळे प्रत्यक्षात भार पडतो तो वर्गशिक्षकावरच, आणि त्याच्या डी.एड.च्या अभ्यासक्रमात या मुलांविषयी फारसे काही शिकविलेले नसते.

तथापि वर्गशिक्षकाला करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यास खर्चही येत नाही. स्वमग्न मुलाला ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले अधिक नीट कळते, असा सर्वत्र अनुभव आहे. परिपाठ, गणित, खिचडी, खेळ, घर अशी दिवसाच्या क्रमाची पाच चित्रे एका पुठ्ठ्यावर लावावीत आणि एकेक काम संपले की ते चित्र मुलाकडूनच उलटे करून घ्यावे. आता पुढे काय, ही त्याची धास्ती निम्म्याने कमी होते. सूचना छोटी द्यावी: ‘सगळ्यांनी वह्या काढून ठेवा’ हे त्याच्यासाठी नसतेच असे त्याला वाटू शकते, त्याचे नाव घेऊन ‘वही काढ’ म्हणावे. उत्तरासाठी मनातल्या मनात दहापर्यंत मोजण्याइतका वेळ द्यावा. म्हणी, टोमणे आणि थट्टा त्याला शब्दशः कळतात. ‘कान उपटीन’ म्हटले की ते मूल खरोखरच घाबरते.

न बोलणाऱ्या मुलांसाठी मुंबईच्या आयआयटीमध्ये विकसित झालेले ‘जेलो’ हे मोफत मोबाइल अ‍ॅप उपयोगी आहे. चित्राला स्पर्श केला की त्यातून शब्द उच्चारला जातो आणि त्यात मराठीही आहे. अशा साधनांमुळे मूल बोलायचे थांबेल, ही भीती अनाठायी आहे.

हाताने काम करीत शिकणे ही कल्पना वर्ध्याला नवीन नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथेच भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची वाट निघाली, आणि सेवाग्राम आश्रमाच्या परिसरात २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा ती वाट चालते आहे. स्वमग्नतेवरचा उपाय म्हणून ती पद्धत कोणी मांडलेली नाही आणि तसा दावा करणे गैर ठरेल. परंतु ज्याला आरंभ आणि शेवट आहे, जे डोळ्यांना दिसते आणि रोज त्याच क्रमाने होते, असे काम या मुलांना मानवते. वाफ्याला पाणी घालणे, शेंगा निवडणे, सूत गुंडाळणे यांतून मोजणी, पाळी आणि शब्द शिकविता येतात.

आवाज, गर्दी आणि तान्हा पोळा

संवेदनांचा प्रश्न घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही. उन्हाळ्यात घरोघरी चालणाऱ्या कूलरची घरघर एखाद्या मुलाला शांत झोपविते, तर दुसऱ्याला असह्य होते. गणवेशाच्या कॉलरचे लेबल टोचते म्हणून तो शाळेत जायला रडतो आणि सारे त्याला हट्टी ठरवितात. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहायला सारा परिसर लोटतो. ढोल-ताशांत हे मूल कानांवर हात ठेवून जमिनीवर लोळण घेते. तो थयथयाट लाडावलेपणाचा नसतो. अशा वेळी रागावू नये, समजावूही नये. गर्दीतून बाजूला न्यावे. लाकडी बैल आदल्या दिवशी घरी हाताळू द्यावा, गर्दी जमण्यापूर्वी जाऊन यावे आणि पंधरा मिनिटांत परतावे, म्हणजे सणही साजरा होतो.

खर्च आणि फसवणूक

स्वमग्नता बरी करणारे औषध आज जगात नाही. झोप, झटके, अतिचंचलता अशा सोबतच्या त्रासांवर औषधे असतात. मुख्य मदत वाचाउपचार, व्यवसायोपचार, वर्तनाचे प्रशिक्षण आणि विशेष शिक्षण यांचीच होय. तरीही शेत विकून स्टेमसेल उपचार करवून घेण्याचा विचार पालकांच्या मनात येतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले आहे. ‘सहा महिन्यांत पूर्ण बरा करतो’ असे जो म्हणेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण असून त्यात नियमित थेरपीच्या खर्चाचाही अंतर्भाव आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा. तेथे उत्पन्नाची अट आहे. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक आदी सवलती मिळतात, पण त्यासाठीचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. नववीतच मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलेले बरे.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे अनेकांना बँकेच्या खिडकीवर उभे राहिल्यावरच कळते. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिचे स्वरूप आहे, आणि पालकत्वाचा अर्ज तिच्याकडेच करावा लागतो. मूल सतरा वर्षांचे झाले की प्रमाणपत्र, जन्मदाखला आणि आधार कार्ड घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात या अर्जाची चौकशी सुरू करावी.