सेमाडोहच्या घराला गिऱ्हाईक का नव्हते

अमरावतीत भरल्या घरातला फ्लॅट विकायला काढला की आधी संसार झाकावा लागतो. बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे, फ्रिजवरची औषधे, सोफ्यामागे कोंबलेली दप्तरे, भिंतीवर मुलांची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघा हे सगळे गिऱ्हाईक यायच्या आत नाहीसे व्हायला हवे. ओल आलेल्या भिंतीवर रंगाचा हात फिरतो आणि आजोबांना तासभर शेजारी पाठवले जाते. माणसे राहतात तिथे पसारा असायचाच, पण पाहायला येणाऱ्याला दुसऱ्याचा संसार नको असतो, स्वतःचा मांडायला रिकामी जागा हवी असते. ही रीत आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की तिलाही इतिहास असेल हे सुचत नाही. परतवाड्याहून घाट चढून सिपना नदीकाठच्या सेमाडोहला गेले की तो इतिहास दिसू लागतो, कारण मेळघाटात या रीतीला मूळ धरायला जागाच मिळाली नाही. याचे कारण गरिबी किंवा आदिवासींचा भोळेपणा असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. घराचे गिऱ्हाईक कागदातून जन्मते, आणि मेळघाटात तो कागद दीडशे वर्षे वेगळ्याच हातांनी लिहिला.

घर आवरून, सजवून दाखवण्याची हौस इथे कमी होती असे कोणी म्हणू नये. इथल्या कोरकू आदिवासींच्या गावाची बांधणीच दाखवण्याजोगी असते. मधून रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या सरळ रांगा. सागाचे खांब, बांबूच्या कुडावर शेणमातीचे लिंपण, वर कवेलू. कुडाचे घर एकदा बांधून सुटका नसते. पावसाळ्यात लिंपण सुटते, कडा झिजतात, जमीन उखडते. म्हणून सण जवळ आला की बायका माती कालवतात, भिंती नव्याने लिंपतात आणि अंगण सारवतात. होळी हा कोरकूंचा मोठा सण. त्या सुमारास पाहुणे येतात, फगव्याला गावभर फिरणे होते. गावाची नजर घरावर असतेच, आणि सारवण नीट नसेल तर बोलणीही बसतात. पण या तयारीत घरातली माणसे लपवायची नसतात. ढोरे, कोंबड्या, धान्याच्या कणग्या, म्हातारी सगळी जागच्या जागी असतात, कारण बघणाऱ्याला या घरात कोण कसे राहते तेच बघायचे असते. शहरातली आवराआवर याच्या अगदी उलट दिशेने जाते.

घर माणसांपासून सुटे करून विकता यायला त्याखालची जमीन मोजलेली, नावावर चढलेली आणि हस्तांतर करता येणारी असावी लागते. वऱ्हाडच्या सपाटीवर हे घडत गेले. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला, पुढे रयतवारी मोजणी झाली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याने खरेदीखताला पक्के रूप दिले. डोंगरात मात्र सरकारला शेतसाऱ्यापेक्षा साग हवा होता. जंगल राखीव झाले, फिरती शेती आवळली गेली, आणि वनग्रामांत माणसे बसवली ती जाळरेषा साफ करायला, लाकूडतोडीला, रस्त्याच्या कामाला हात हवेत म्हणून. तिथले घर वनखात्याच्या मर्जीवर उभे. जे आपले म्हणून लिहिलेलेच नाही, ते विकणार काय?

कोणी म्हणेल, स्वातंत्र्यानंतर तरी बाजार यायला हवा होता. तो आला, पण आधी शेतजमिनीच्या वाटेने आणि बहुधा सावकाराच्या रूपाने. आदिवासींच्या जमिनी महाराष्ट्रभर इतक्या निसटल्या की १९७४ मध्ये महसूल संहितेत बदल करून बिगर-आदिवासीला होणाऱ्या हस्तांतरावर कडक बंधन घालावे लागले, आणि १ एप्रिल १९५७ नंतर गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी वेगळा कायदा आला. १९७४ मध्येच, २२ फेब्रुवारीला, मेळघाट व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला होता. एक निर्णय वाघासाठी, दुसरा माणसासाठी, एकमेकांशी काहीही संबंध नसलेले. घराच्या बाबतीत परिणाम एकच झाला: बाहेरचे गिऱ्हाईक उंबऱ्यापर्यंत पोहोचू शकले नाही.

यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे. जे विकता येत नाही ते गहाणही ठेवता येत नाही. मग आजारपणात किंवा मुलीच्या शिक्षणासाठी या घराचा उपयोग काय? आक्षेपात तथ्य आहे, आणि बंधनाचे गोडवे गाणारे बहुतेक जण स्वतः गृहकर्ज काढून शहरात राहतात हेही खरे. तरी बाजार नसताना घराची किंमत कोण ठरवते ते पाहायला हवे. व्याघ्र प्रकल्पातून गावे हलवण्यासाठीच्या २००८ च्या पुनर्वसन योजनेत कुटुंबामागे १० लाख रुपये ठरले. रोख न घेता वनखात्यामार्फत पुनर्वसन घेतले, तर त्यातला २० टक्के भाग घराची जागा आणि बांधकाम यांसाठी. हा हिशेब नव्या घराच्या खर्चाचा. जुन्या घराचे लिंपण किती सुबक होते याला त्यात रकाना नाही, आणि घासाघीस करायला समोर गिऱ्हाईकही नाही. घरकुल योजनेत घर दाखवावे लागते, पण ते मोबाईलच्या कॅमेऱ्याला. पाया, भिंती, छप्पर अशा टप्प्यांचे फोटो चढले की पुढचा हप्ता येतो.

म्हणून बंधन असावे की नसावे यापेक्षा घर कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलजमिनीवरचे शेत आणि घर यांचा हक्क वारशाने जाईल, पण विकता येणार नाही, असे ठरवले. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जिची चर्चा फार कमी होते: विवाहित असल्यास हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा. अमरावतीच्या कितीतरी फ्लॅटच्या खरेदीखतावर, गिऱ्हाईक येण्याआधी घर आवरणाऱ्या बाईचे नाव आजही नसते.