बीडचा ऊसतोड कामगार कोल्हापूरच्या लोकसंख्येत कसा मोजला जातो? जनगणनेतलं स्थलांतर समजून घ्या

कागलची मुलगी लग्न करून निपाणीला गेली. एसटीनं तासाभराचाही प्रवास नाही. पण निपाणी कर्नाटकात, त्यामुळे जनगणनेच्या हिशेबात ती 'आंतरराज्य स्थलांतरित' ठरते. याउलट गोंदियाचा मुलगा नोकरीसाठी राज्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला, कोल्हापूरला आला, तर तो मात्र 'राज्यांतर्गत स्थलांतरित'.

म्हणजे माणूस किती लांब गेला, हे जनगणना मोजत नाही. त्यानं कुठली हद्द ओलांडली, हे मोजते. भारताची पुढची जनगणना 2027 मध्ये होणार आहे. त्यामुळे ही मोजणी कशी होते आणि तिच्यातून कोण निसटतं, हे आधीच समजून घेतलेलं बरं.

प्रश्न दोन, उत्तरं वेगळी

जनगणना कुणाचा पाठलाग करत नाही. एका ठरावीक वेळी प्रगणक दारात येतो, काही प्रश्न विचारतो आणि त्या उत्तरांवरून स्थलांतराचा अंदाज बांधला जातो. सगळ्यात जुना प्रश्न म्हणजे 'जन्म कुठे झाला?' एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनांपासून तो विचारला जातो. 1971 मध्ये त्यात 'याआधी कुठे राहत होता?' या प्रश्नाची भर पडली. 1981 पासून स्थलांतराचं कारणही विचारलं जाऊ लागलं.

दोन प्रश्न का लागतात? चंदगड-आजऱ्याची कितीतरी माणसं मुंबईच्या गिरण्यांत कामाला होती. 1982 च्या संपानंतर त्यातले अनेक जण गावी परतले. चंदगडमध्ये जन्मलेला, वीस वर्षं मुंबईत राहून पुन्हा चंदगडला आलेला माणूस घ्या. जन्मस्थानाच्या प्रश्नानुसार तो स्थलांतरित नाहीच. आधीच्या वास्तव्याच्या प्रश्नानुसार मात्र आहे.

तरीही एक अडचण उरते. हा प्रश्न फक्त शेवटची हालचाल पकडतो. कुणी चंदगडहून मुंबईला आणि तिथून पुण्याला गेला असेल, तर पुण्यात 'आधी मुंबई' एवढीच नोंद होते.

45 कोटी हा आकडा कुठून आला?

2011 च्या जनगणनेनुसार देशात सुमारे 45 कोटी स्थलांतरित होते, म्हणजे लोकसंख्येच्या साधारण 37 टक्के. ऐकायला आकडा प्रचंड वाटतो. पण यातले साधारण 62 टक्के लोक आपल्याच जिल्ह्यात एका गावाहून दुसऱ्या गावी गेलेले होते. दोन तृतीयांशाहून जास्त महिला होत्या आणि त्यांचं सर्वात मोठं कारण होतं लग्न.

2020-21 च्या श्रमशक्ती सर्वेक्षणातही हेच दिसतं. त्यात महिलांमध्ये स्थलांतरितांचं प्रमाण 47.9 टक्के, तर पुरुषांमध्ये 10.7 टक्के होतं.

इथे आणखी एक गोष्ट निसटते. कारणाच्या रकान्यात एकच कारण बसतं. लग्न होऊन इचलकरंजीला आलेली बाई पुढे तीस वर्षं सूतगिरणीत राबली, तरी तिच्या स्थलांतराचं कारण 'विवाह' एवढंच राहतं. तिच्या कामाची नोंद दुसऱ्या रकान्यात होते, पण कामासाठी स्थलांतर केलेल्यांत ती दिसत नाही.

कारणांची यादीही बदलत आली आहे. 1991 मध्ये 'नैसर्गिक आपत्ती' हे कारण वेगळं नोंदवलं जायचं, 2001 पासून ते वगळलं गेलं. त्यामुळे 2005 च्या महापुरानंतर शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या कुटुंबानं कायमचं गाव सोडलं असेल, तर 2011 मध्ये ते 'इतर' या रकान्यात गेलं.

ऊसतोड कामगार कुठे मोजला जातो?

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. दिवाळीच्या आसपास बीड आणि मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांकडे येतात. पट्टा पडला की गावी परततात. 2011 ची जनगणना झाली 9 ते 28 फेब्रुवारी या काळात, म्हणजे ऐन गाळप हंगामात.

नियम असा होता की मोजणीच्या संपूर्ण काळात जो आपल्या घरी नसेल, त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे करायची. त्यामुळे फडाशेजारी खोप बांधून राहणारं बीडचं जोडपं नियमानुसार कोल्हापूर जिल्ह्यात मोजलं जायला हवं. गावी आजीकडे ठेवलेली त्यांची मुलं मात्र बीडमध्ये. कुटुंब एक, नोंदी दोन जिल्ह्यांत.

हीच मोजणी ऑगस्टमध्ये झाली असती, तर अख्खं कुटुंब बीडमध्ये सापडलं असतं आणि टोळ्यांची ती वर्षानुवर्षांची ये-जा तक्त्यांत जवळपास दिसलीच नसती. कारण हंगामी स्थलांतरासाठी 2011 च्या जनगणनेत वेगळा प्रश्नच नव्हता.

आणि परदेशी गेलेले?

परदेशात स्थायिक झालेल्यांना भारताची जनगणना मोजतच नाही. कोल्हापुरात आई-वडील आणि मुलगा लंडनला, तर घरातली नोंद दोघांचीच. त्या मुलाचा आकडा तिकडच्या जनगणनेत सापडतो. 2021 मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये भारतात जन्मलेले सुमारे 9 लाख 20 हजार लोक होते. ब्रिटनबाहेर जन्मलेल्यांत सर्वाधिक संख्या त्यांचीच. अशा देशोदेशींच्या नोंदी जोडून संयुक्त राष्ट्रसंघानं 2020 मध्ये जगभरातल्या भारतीय स्थलांतरितांचा अंदाज सुमारे 1 कोटी 79 लाख इतका काढला.

बाहेरून येणारेही निसटू शकतात. याचं उदाहरण कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर आहे. दुसऱ्या महायुद्धात सुमारे 5 हजार पोलिश निर्वासित वळिवडेच्या छावणीत राहिले. ते 1943 मध्ये आले आणि 1948 पर्यंत निघून गेले. पण जनगणना झाली 1941 आणि 1951 मध्ये. दोन मोजण्यांच्या मधल्या फटीत एक अख्खी वसाहत वसली आणि उठलीही. त्याच जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, आजचं गांधीनगर उभं राहिलं. 1951 च्या जनगणनेनं विस्थापितांची स्वतंत्र नोंद घेतली, त्यामुळे त्यांचा ठसा कागदावर उमटला.

2027 मध्ये काय पणाला लागलंय?

2020 च्या टाळेबंदीत लाखो कामगार पायी घराकडे निघाले, तेव्हा सरकारकडे जनगणनेचे आकडे होते ते 2011 चे. त्यातलेही स्थलांतराचे काही तक्ते 2019 मध्ये प्रसिद्ध झाले होते. 2021 ची जनगणना लांबणीवर पडली. आता 16 जून 2025 च्या अधिसूचनेनुसार देशाच्या बहुतांश भागासाठी संदर्भ दिनांक आहे 1 मार्च 2027. ही पहिली डिजिटल जनगणना असेल आणि नागरिकांना स्वतःची माहिती ऑनलाइन भरता येईल.

प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये, म्हणजे पुन्हा ऐन गाळप हंगामात. प्रगणक फडावरच्या खोपीपर्यंत, शिरोलीच्या फाउंड्रीतल्या परप्रांतीय कामगारांच्या खोलीपर्यंत पोहोचला, तर हे लोक आकड्यांत दिसतील. शाळा, रेशन, दवाखाना यांचं नियोजन याच आकड्यांवर होतं.

तुम्हीही शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गाव सोडलं असेल, तर एवढं कराच. त्या काळात जिथे राहत असाल तिथे स्वतःची नोंद करा आणि 'गावाकडं नाव असू दे' म्हणून घरच्यांना दुसरी नोंद करायला लावू नका. रेशनकार्डावरचा पत्ता आणि जनगणनेतली नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.